कोल्हारजवळ गाडी तापली तेव्हा

तुम्ही मला उगाच विद्वान म्हणता, म्हणून हे एकदा सांगून टाकतो.

संगमनेरच्या एका कॉलेजात अकरा वाजता माझं उष्णतेवर व्याख्यान होतं. पुतण्या मला नगरहून त्याच्या नव्या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारमधून नेत होता. वाटेत बराच वेळ आम्ही उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो. कोल्हारजवळ बॅटरी तापल्याची सूचना आली आणि गाडी थांबली.

"काका, बॅटरी गार करणारा पंखाच फिरत नाहीये. तुमची तर यातच पीएचडी आहे. काय झालं असेल?"

मोटर जळाली असेल, सेन्सर बिघडला असेल, किंवा कदाचित माझंच चुकत असेल, असं मी त्याला वीस मिनिटं समजावलं. साडेदहा वाजले.

शेजारच्या रसवंतीतल्या मावशी हात पुसत आल्या.

"आदी गाडी बंद करा."

पुतण्यानं केली. मावशींनी पुढच्या जाळीत हात घालून मूठभर पाचट, उसाची वाळकी पानं, बाहेर ओढलं.

"ट्रॉलीतलं उडून आत गेलंय. आमच्या चरकात बी रोज अडकतंय. लावा आता."

पंखा फिरू लागला.

"लई बोलत हुता, मास्तर दिसता," मावशी मला म्हणाल्या. "काय शिकवता वो?"

पुतण्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "इतिहास."