डावी पोटरी

—नको, नको, डावी नको! उजवीच चोळा, टिलमनबाई. डावीला काही झालेलं नाही हो, गुदगुल्या होतात नुसत्या. हसताय काय? चाळिशीतल्या मास्तरला गुदगुल्या होऊ नयेत, असा तुमच्या कोलोन शहरात कायदा आहे का?

सुजलीय? कुठे सुजलीय? अहो, महिनाभर डोकं खाली, पाय वर करून निजवलंय आम्हाला — का? तर अंतराळात वजन हरवलं की शरीराचं काय होतं ते बघायला. रक्त सगळं तोंडाकडे! मग सुजायचं तर तोंड सुजेल, पोटरी कशी सुजेल? सांगा ना. गरम लागतेय? तुमचेच हात गार आहेत. रक्ताची गाठ? काहीतरीच तुमचं!

डॉक्टरांना मात्र एक अक्षर बोलायचं नाही हां. तो पलीकडच्या खोलीतला डच माणूस, लुक — दाढ दुखते म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगातून काढून घरी! मी नाही जाणार. उशी नाही, जेवण आडवं, आंघोळ आडवी, एक तरी खांदा कायम गादीला टेकलेला — सगळं पाळलंय. परवा कार्निव्हलला तुमच्या इथल्या रिवाजाप्रमाणे बायका कात्र्या घेऊन पुरुषांचे टाय कापायला आल्या, तर मी पडल्या पडल्या टाय बांधून तयार! पण खांदा हलला का? विचारा कुणालाही.

हौस? हौस कसली डोंबलाची! अंतराळवीर व्हायचं होतं मला. अख्ख्या युरोपातून हजारोंनी अर्ज केले, निवडले मूठभर. मी पहिल्याच चाळणीत गळलो. मग हे मिळालं. आमच्या लेकीला, फेन्याला म्हटलं, बाबा अंतराळाच्या कामाला चाललाय — तर कार्टीनं ऐटीत सगळ्या वर्गाला सांगितलं. आता मध्येच घरी जाऊन तिला काय तोंड दाखवू? सूज काय, उतरेल दोन दिवसांत. आणि कळ तर मोठा श्वास घेतला तरच येते, एरवी—

कुठली कळ? मी कळ म्हटलं? ती होय... इथे, बरगडीत. सकाळपासून. कुशीवर वळताना लचकली असेल. हात का थांबवलात? पायातली गाठ फुप्फुसात गेली? काहीतरीच! घंटेकडे जाऊ नका. टिलमनबाई, खबरदार! झाली आजची मालिश. जा तुम्ही. जा म्हणतो ना!

थांबा... बाई, थांबा. श्वास पुरत नाहीये हो. घंटा... फेन्याला म्हणावं — दाबा ना, बाई, दाबा—