मास्तरांना बी भ्या वाटायचं

इस्तेरबाई, पाळकसाहेब, भावांनो, बायांनो, अन् आमचं दुःख आपलं समजून आलेल्या पावण्यांनो,

मला बोलायची सवय न्हाई. भांडायची हाय, ती समद्या वस्तीला ठाऊक हाय. आज मात्र बोलायला उभी राहिलेय.

इस्तेरबाईंचे मालक, आपले शमुवेलमास्तर गेले. त्यांनी आपल्या पोरांना अक्षर शिकवलं, रविवारची प्रार्थना घेतली. अन् उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली, की नदीच्या डोहात पहिलं पाऊल तेच टाकायचे. मी आज तेवढ्या पावलाचंच बोलणार हाय. बाकीचं पाळकसाहेब नीट बोललेत.

निरगुडसरवरनं आलेल्या पावण्यांना सांगते. आमच्या डोहात साती आसरा राहतात, म्हणतात. पाण्यातल्या सात बहिणी. हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, दहीभात दिला तर ठीक. न्हाई दिला तर माणसाला धरतात. तुमच्याकडं बी असतीलच. आमच्या लई कडक, असं आमचंच म्हणणं.

आता आमी तर ख्रिस्ती. मग आमी बाया काय करायचो? तोंडानं प्रभूचं नाव घ्यायचो, अन् पदराआडून हळदीची चिमूट पाण्यात सोडायचो. प्रभू बी राजी, आसरा बी राजी! हसू नका रखमाबाय, तुमी माझ्या शेजारीच असायच्या. मास्तरांना समदं दिसायचं. ते कधी रागावले न्हाईत. कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभं राहायचे, प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायचे, अन् हाक मारायचे, "या बायांनो, भरून घ्या."

एकदा मी त्यांना म्हणले, "मास्तर, चिमूटभर हळदीनं काय बिघडतंय? मनाला बरं वाटतं." तर म्हणले, "सगुणाबाई, भीतीला एकदा पान वाढलं, की ती रोज जेवायला येती."

मग त्यांना ताप आला. नारायणगावच्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला, गोळ्या दिल्या. वस्तीत मात्र निराळंच सुरू झालं. आसरांनी धरलं. इतकी वर्षं पाण्यात उभा राहिला, कधी मान दिला न्हाई, शेवटी धरलाच. कोण म्हणलं हे? कुणीच न्हाई. अन् समदेच.

शेवटी शेवटी मी मास्तरांकडं पेज घेऊन गेले व्हते. इस्तेरबाई उशाशी व्हत्या, त्यांनी ऐकलंय. मला राहवलं न्हाई. विचारलं, "मास्तर, खरं सांगा. पाण्यात कधी पायाला काही लागलं का?"

मला वाटलं, हसतील. न्हाई हसले. म्हणले, "रोज लागायचं. शेवाळ असंल, मासा असंल. पण रोज वाटायचं, आता धरलं."

"म्हंजे तुमाला बी भ्या वाटायचं?"

"लई. म्हणून तर प्रार्थना एवढ्या मोठ्यानं म्हणायचो."

भावांनो, पेजेचं भांडं तिथंच ठेवून मी निघाले. ज्यांच्या धिरावर मी डोहात घागर बुडवली, ते स्वतःच भ्यालेले? घरी येऊन देवाशी भांडले. माझ्याकडं दुसरं काय हाय? मग चूल पेटवता पेटवता मनात आलं, प्रभूला क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आधी बागेत त्याला सुद्धा घाम फुटला व्हता. टाळता आलं तर टाळ, असं तो बी बापाला म्हणला व्हता. मग उठला अन् गेला. मास्तर बी रोज उठले अन् गेले. सैतानाला आपल्याला बुडवायची गरजच न्हाई. काठावर बसवून ठेवलं, की त्याचं काम झालं.

अन् आज आपण कुठं बसलोय? मास्तरांना माती दिल्यापासून डोहात एक घागर बुडाली न्हाई. आपण बबनरावांच्या मोटेवर जातोय. ते भले माणूस, इथंच बसलेत, आपल्याला न्हाई म्हणत न्हाईत. पण त्यांच्या विहिरीचा तळ दिसायला लागलाय. त्यांच्या बैलांनी काय प्यायचं? आपल्या भित्रेपणाची झळ त्यांच्या गोठ्याला का?

कासमभाई, तुमी जुन्नरवरनं बांगड्या घेऊन येता. या खेपेला हिरव्या बांगड्या एवढ्या कशा खपल्या, तुमाला नवल वाटलं असंल. एकीच्या तरी मनगटावर दिसतात का बघा. घागर गेली न्हाई डोहावर, बांगड्या गेल्या. लांबून फेकल्या.

मी दुसऱ्यांनाच बोलतेय असं वाटून घेऊ नका. उद्या रविवार. माझ्या नातवाचा बाप्तिस्मा हाय. माझी सून, रूथ, मला म्हणली, "आत्याबाई, त्या डोहाचं पाणी माझ्या लेकराच्या डोक्यावर नको." लेकराच्या कमरेला काळा दोरा आलाय. कुणी बांधला, मी विचारलं न्हाई. मी सासू हाय, ओरडायला पायजे व्हतं. ओरडले न्हाई. खरं सांगू? तो दोरा बघून मला बी बरं वाटलं.

रूथ, खाली बघू नको. तुला बोल लावत न्हाई गं. तू आई हाईस.

पाळकसाहेब म्हणतात, बाप्तिस्म्याला पाणी कुठलंबी चालतं. खरं हाय. पण आपण दुसरं पाणी का हुडकतोय, ते देवाला कळतंय. अन् डोहाचं आणलं, अन् लेकराला साधं पडसं जरी झालं, तर समदे माझ्याकडं बघणार. सून बघंल, लेक बघंल. मला जीव नकोसा होईल. आज पाण्यात उभं राहून हाक मारायला मास्तर न्हाईत. मला लई भ्या वाटतंय. लई. घरातनं निघताना घागर घेतली, ती बाहेर दारात ठेवलीय. आत्तापर्यंत मनात व्हतं, बोलून झालं की गुमान रिकामी घरी न्यावी.

न्हाई नेत.

इस्तेरबाई, तुमचं दुःख आमाला उचलता येत न्हाई. मास्तरांचं काम तेवढं उचलू. मास्तर, सलाम. तुमी प्रभूकडं पोचलात, आमचं पाणी अजून भरायचं राहिलंय.

आता समद्यांनी उभं राहायचं, माना खाली घालायच्या, अन् गप राहायचं. किती वेळ? मी डोहावरनं येईपर्यंत. माझी प्रार्थना इथवर ऐकू आली, तर समजा सगुणा पाण्यात उतरली. मोठ्यानंच म्हणणार हाय मी.

उशीर झाला तर मला बघायला या. येताना घागरी घेऊन या.