लेलेकाकांचं चिनी पथ्य

आमच्या व्हँकुव्हरच्या लेलेकाकांना स्टेंट बसवला ना, तेव्हा क्लिनिकवाल्यांनी 'ले ले' असं नाव वाचून त्यांना चक्क चिनी लोकांच्या हार्ट-पथ्याच्या क्लासला घातलं. क्लास इंग्लिशमध्ये होता, म्हणून काकाही बसले. घरी आले ते खुशीत.

"क्लासच्या आहारतज्ज्ञ बाईंनी वर्ज्य सांगितलेलं सगळं आजपासून बंद! सोया सॉस, खारवलेली अंडी, डुकराची चरबी!"

काकू म्हणाल्या, "अहो, पण हे तुम्ही खाल्लंत कधी? आणि लोणचं?"

"त्याचं बाईंनी नावही काढलं नाही!"

पुढच्या क्लासला काकू लोणच्याची बरणी घेऊनच गेल्या. क्लासमधल्या एका चिनी आजोबांनी मिटक्या मारत लोणचं चाखलं. मग बाईंनी चाखलं आणि तिथल्या तिथे सगळ्यांनाच बंद केलं.

काका तर काकूंशी बोलत नाहीतच, आता चिनी आजोबाही बोलत नाहीत.