जकातचौकीतला भुंडा हात

ऐका. आणि मधेच उठून जाऊ नका. ज्याला भ्यायचं असेल त्यानं आत्ताच आईच्या कुशीत शिरावं, माझ्यासमोर नको.

आपल्या खिंडीत ती पेशवाईतली दगडी जकातचौकी आहे ना, तिथली ही गोष्ट. द्रुपदा कासारीण लग्नघरी बांगड्या भरून दिवेलागणीला निघाली. डोक्यावर बांगड्यांची पाटी. बायका म्हणाल्या, "द्रुपदे, राहा की गं! उजाडल्यावर जा." ती म्हणाली, "घरी धनी तापानं फणफणलेत, आणि मी इथं पुरणपोळ्या खात बसू होय?" चालू पडली. गाडीवाट लांबची, खिंड जवळची. धरली खिंड!

चौकीपाशी आली. वारा पडलेला. पान हलेना. आणि खिडकीतून हाक आली, "कासारीणबाई, बांगड्या भरता का?"

आवाज गोड! अगदी घरंदाज. तुम्ही म्हणाल, पळाली का नाही? अरे, कासाराच्या घरची रीत असते. पुढं आलेला हात रिकामा परत पाठवायचा नाही. द्रुपदानं पाटी उतरवली. "आण बाई हात."

गजांतून हात आला. गोरा, भुंडा, आणि गार! पहाटेच्या रांजणासारखा गार. मनगटाचं हाड मोडून वाकडं झालेलं. द्रुपदानं पहिली बांगडी चढवली. टिच्! फुटली. दुसरी चढवली. टिच्! हिरव्या संपल्या, लाल संपल्या. आणि हात? हात लांबतोय! गजांतून कोपर आलं, कोपरामागं आणखी हात, त्यामागं आणखी! पाटी रिकामी झाली, तसं त्या हातानं द्रुपदाचंच मनगट धरलं.

"तुझ्या दे."

अगं आई गं! कळलं ना काय मागितलं? नवरा अंथरुणावर, आणि बाईनं अंगावरच्या बांगड्या उतरवून द्यायच्या? म्हणजे त्याला आपल्या हातानं पोचवायचंच की! द्रुपदाचा हात अडकला होता. तोंड नाही! "धनी जिता आहे माझा! ह्या बांगड्यांना हात लावशील तर बघ!"

एक बांगडी बोटांपर्यंत सरकली. दुसरी सरकली. तेवढ्यात आतल्या अंधारात काहीतरी किणकिणलं. त्या आतल्या बाईचा दुसरा हात! आणि तो भरलेला!

द्रुपदा कडाडली, "अगं, त्या हातात भरून घेतल्यास ना? मग कासाराला नमस्कार केलास का? कुठल्या घरची गं तू?"

सगळं थबकलं. बांगड्या भरल्या की वाकून नमस्कार करायचा, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मनगटावरची पकड सुटली. गजांआड दोन्ही हात जुळले. आणि द्रुपदा सुटली! पाटी तिथंच, पदर कुठं, पाय कुठं, थेट घरच्या उंबऱ्यात! नवरा घामानं निथळत बसला होता, ताप उतरलेला. विचारतो काय, तर "पाटी कुठाय?" पुरुषच तो!

सकाळी गावकरी गेले. खिडकीखाली काचांचा ढीग. आत एक फरशी खचलेली. उचलली, तर खाली हाडं. एका हाताशी हिरवा चुडा. दुसरा हात भुंडा, मनगट मोडलेलं.

त्या एका हातातल्या चुड्यावरून जाणत्यांनी सगळं ओळखलं. ती सुंदरा. पेशवाईत चौकीवर जकात घेणाऱ्या नाकेदाराची बायको. कासारानं एका हातात बांगड्या भरल्या, दुसरा हात हातात घेतला, आणि तेवढ्यात नवरा दारात. परक्यानं बायकोचा हात धरला म्हणून पेटला मेला! अरे, कासार हात धरणार नाही तर बांगडी काय फुंकून चढवेल? कासार जीव घेऊन मुलूख सोडून गेला. हिला नवऱ्यानं मारून तिथंच पुरली, आणि गावाला सांगितलं, "बायको कासाराबरोबर पळाली." गावानं मान डोलावली. पिढ्यानपिढ्या डोलावली!

हाडांना अग्नी दिला. द्रुपदानं चितेवर हिरवा चुडा ठेवला. तरी हाक येतेच. का येणार नाही? अजून पारावर बसून माणसं म्हणतात ना, "ती पळालेली बाई"?

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर खिंडीची वाट धरू नका. आणि ज्याच्या तोंडी ते "पळालेली" आहे, त्यानं तर भर दुपारीही धरू नये. त्याच्याकडं ती बांगड्या मागायची नाही.