‘काही नाही’ असा शिक्का

अध्यक्षस्थानी असलेले आपल्या रुग्णालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरच्या अधिसेविका बाई, औषधविभागातली माझी माणसं, आणि जेवण कधी वाढणार म्हणून मागच्या दाराकडे बघणारे सगळे सहकारी, तुम्हां सर्वांना नमस्कार.

एकतीस वर्षं मी औषधखिडकीच्या आत काढली. आज तुम्ही फुलं दिलीत, मानपत्र दिलंत. संचालक साहेबांनी ते वाचलंही छान. त्यात म्हटलंय, माझ्या कल्पकतेमुळे खिडकीपुढची रांग निम्मी झाली. ते ऐकताना मला शिसारी आली. तुमची नव्हे, घाबरू नका. माझीच.

ती कल्पकता काय होती, ते तरी ऐका. रक्त पातळ करणारी गोळी ज्यांना चालू असते, त्यांना दर महिन्याला आपण एक कार्ड देतो. त्यावर रकाना आहे, ‘याशिवाय आणखी काही घेता का?’ प्रत्येकाला विचारायचं आणि उत्तर लिहायचं. आता एखाद्या आजीबाईंना हे विचारलं की काढे, चूर्णं, जावेनं सांगितलेला लेप, सगळं पुराण सुरू. रांग पार दारापर्यंत. मग मी एक रबरी शिक्का करून घेतला, ‘काही नाही’. सकाळी खिडकी उघडायच्या आधीच कार्डांच्या गठ्ठ्यावर ठप ठप ठप. विचारायची भानगडच नको.

आणि याच सभागृहात बारा वर्षं नव्या फार्मसिस्टांना व्याख्यान कोण देत होतं? मीच. गांजाच्या अर्काचे थेंब पोटात गेले की आधी यकृतात पोचतात. तिथली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्यांतली द्रव्यं मोडतात. रक्त पातळ करणारी गोळीही त्यांतलंच एक विकर मोडतं. थेंबांनी ते अडवून धरलं, की गोळी मोडायची राहून जाते. आजची रक्तात शिल्लक, उद्याची तिच्यावर, परवाची आणखी वर. डोस तेवढाच, परिणाम दुप्पट. परीक्षेत मी हा प्रश्न हमखास घालायचो. खिडकीवर मात्र एकदाही विचारला नाही.

माझी थोरली बहीण, आमची ताई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या हृदयाची झडप बदललेली, म्हणून ही गोळी जन्माची. गुडघे फार दुखायचे. शेजारणीनं त्याच गांजाच्या थेंबांची एक बाटली आणून दिली. वर हिरवं पान, खाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’. अहो, सापाचं विषही नैसर्गिकच असतं.

ताईनं सकाळ-संध्याकाळ ते थेंब घेतले, तीन आठवडे. त्याच दिवसांत ती माझ्या खिडकीवर आली होती. मी गोळ्या दिल्या, भाचीच्या नोकरीची चौकशी केली, चहा घेऊनच जा म्हणालो. शिक्का मारलेलं कार्ड तिच्या हातात ठेवलं. त्यानंतर आठव्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचली, पण उजवा हात गेला आणि शब्द लवकर सापडत नाहीत.

मग चौकशी झाली. संचालक साहेब, सही तुमचीच आहे. निष्कर्ष काय निघाला? ‘रुग्णाने माहिती लपवली.’ पुरावा कोणता? माझ्या शिक्क्याचं कार्ड. मी तुमच्या केबिनमध्ये येऊन खरं ते सांगितलं, तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत. चार महिन्यांनी निवृत्त होताय, कशाला उकरून काढता, म्हणालात. आणि मी, सांगायचीही किळस येते, मी मान डोलावली. चार महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

परवा तो चौकशीचा कागद मी ताईला वाचून दाखवला. तिनं नीट ऐकलं. बराच वेळ शब्द जुळवत राहिली आणि म्हणाली, “तू विचारलं असतंस, तर सांगितलं असतं.”

चिठ्ठी नका पाठवू साहेब, आवरतंच घेतोय. वृत्तांत लिहिणाऱ्या बाईंनी एवढं टिपून घ्यावं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं. आणि तो शिक्का आज सकाळीही खिडकीवर चालू होता, मी स्वतः पाहून आलोय.

वेळ काढून आलात, माझ्याबद्दल चांगलं बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. मानपत्र मात्र या टेबलावरच ठेवतोय. ताई आता माझ्याकडेच राहते, तिच्या नजरेला ते पडायला नको. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, असं अशा वेळी म्हणायची रीत आहे. मी ते म्हणणार नाही. साहेब, ताईच्या कागदावरचं ‘लपवली’ खोडा आणि तिथे लिहा, ‘विचारले नाही’. खाली सही करायला मी इथेच थांबलोय.