तळ्यावरची रेंज

नाही, पण मी म्हणते, आमच्या रस्त्यावर केबल टाकायला ते नक्की कुठल्या मुहूर्ताची वाट बघतायत? लग्न होऊन मी इथे आले तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात, मॅडम." आसा पोटात होती तेव्हा, "पुढच्या उन्हाळ्यात." आता आसाला दोन दात आले, आणि केबल अजून हायवेवरच उभी, लांबून आमच्याकडे बघत!

पण तुम्हाला सांगते, मला आता त्या केबलचं काही वाटतच नाही. कारण हा मोबाइल! एवढासा फोन, त्याचा हॉटस्पॉट लावायचा, लॅपटॉप जोडायचा, की आख्खं जग मांडीवर! वायर नाही, खड्डे खणणं नाही, हवेतून येतं हो, हवेतून! मी चांगली एम.ए. झालेली बाई, पण लॅपटॉपवर पान उघडलं की अजून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. एरिक, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "रूना, नळाला पाणी आलं तरी तू असंच नाचशील." नाचेन की! आता फक्त...

फक्त आमच्या घरात यायला ते जरा लाजतं. चहूकडे सूचीपर्णी झाडं, वर पत्र्याचं छप्पर. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दांडी रेंज येते, तीही आसाला उजव्या कडेवर घेतलं तर. डाव्या कडेवर घेतलं की गेली! हे खरं की माझ्या मनाचे खेळ, देव जाणे, पण पोर जन्मल्यापासून एकाच बाजूने जग बघतंय. तिची मान वाकडी तर राहणार नाही ना, हेही मी शोधलं... नेटवर. पान उघडलं नाही.

आणि अशा घरातून मला मुलाखत द्यायची होती! शाळाखात्याची, लॅपटॉपवर, समोरासमोर. उत्तरेकडच्या लांबलांबच्या वस्त्यांमधल्या मुलांना पडद्यावरून वाचायला शिकवायचं, घरबसल्या. नोकरी मिळाली तर आम्ही इथेच, तळ्याकाठी. नाही मिळाली तर विनिपेग शहरात भाड्याची जागा, आसा पाळणाघरात, आणि मी दिवसभर बसमध्ये रडत. मी तर त्या पाळणाघरातल्या सर्दीचीसुद्धा काळजी करून झाले होते.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, त्यांना गावभर सगळे अम्माच म्हणतात, "अगं, मग तळ्यावर जा की! आपल्या खोपटात बसून मी बहिणीशी तासन् तास बोलते. एकदा तरी फोन तुटलाय?"

"नाही ना तुटत!" सासरे पेपरामागून म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

तर निघाली वरात. हिवाळ्यात आमचं तळं म्हणजे पांढरं मैदान, त्यावर मासे धरायला ज्याचं त्याचं लाकडी खोपट. ढकलगाडीवर आसा आणि लॅपटॉप. थंडीत लॅपटॉपची बॅटरी मरते, म्हणून लॅपटॉप आसाच्या दुलईत, आणि आसा एरिकच्या जाकिटात. आई म्हणून मला मार्क द्यायचे असतील तर इथेच देऊन टाका. माझ्या अंगात वर मुलाखतीचा कोट, खाली बर्फातली फुगीर विजार.

"अम्मा, बर्फ पेलेल ना हो?"

"ट्रक उभे आहेत गं त्यावर!"

हो, पण ट्रक काळजी करत नाहीत. काळजीचं वजन वेगळं असतं.

खोपटात शेगडी पेटवली, फोन खिडकीला टेकवला, आणि काय सांगू... चार दांड्या! ना झाड, ना छप्पर, पलीकडच्या काठावरचा मोबाइलचा मनोरा सरळ माझ्या डोळ्यांत बघतोय! हवेतून, हो, एवढं तळं ओलांडून हवेतून! मला भरूनच आलं.

पडद्यावर तीन चेहरे. मधल्या शेवचुकबाई म्हणाल्या, "तर मुलांना वाचनाची गो..." आणि थिजल्या! तोंड उघडं ते उघडंच. बघते तर लॅपटॉपला वाटलेलं, फुकटचं नेट लागलंय, चला, आसाचे सगळे फोटो नेटवर साठवून टाकू. सगळे! उजव्या कडेवरचे! ते थांबवलं. तरी बाई थिजलेल्याच. फोनवर पाहते तर माझ्या हॉटस्पॉटला माझा लॅपटॉप धरून सातजण चिकटलेले!

पासवर्ड का नाही ठेवला म्हणता? ठेवला होता हो! पण मुलाखतीआधीच शेजारच्या खोपटातले लॉर्न दारात येऊन उभे. "रूना, बर्फावर कुणी दाराला कुलूप लावतं का? वादळात कुणी अडकलं तर?"

"अहो लॉर्न, वादळात अडकलेला माणूस नेट मागेल का?"

"मी मागेन."

काढला पासवर्ड. इथे कुलूप लावणारीचं नाव वर्षभर घेतात. आणि त्या दिवशी नेमकी बायकांच्या कर्लिंगची फायनल, सगळे माझ्याच नेटवर बघत बसलेले. बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं, असा तो खेळ, पण त्यासाठी इथली माणसं जेवण सोडतात.

मी दार उघडलं आणि ओरडले, "बंद करा सगळे! माझी नोकरी चाललीय!"

एकेका खोपटातलं समालोचन बंद पडलं. आणि मागे शेवचुकबाई, "...डी कशी लावाल?" लख्ख चित्र! सहा खोपटांनी फायनल सोडली हो माझ्यासाठी! अजून दोन दगड उरले होते!

मी उत्तर देतेय तोवर शेजारच्या वाल्डीनबाई केकची बशी घेऊन आत. "आधी सांगायचं नाही का गं, मेले!" म्हणत त्यांनी आसाला उचललं, डाव्या कडेवर, आणि रेंज तशीच! मग खिडकीबाहेर एकेक टोपी उगवायला लागली.

"मागे कोण आहेत?" शेवचुकबाई.

"ते... नेट परत करायला आलेत."

"तुम्ही आहात तरी कुठे?"

आता काय लपवायचं? "तळ्याच्या मधोमध," म्हटलं. बाई गप्प. मला वाटलं, पुन्हा थिजल्या. मी पडद्यापुढे हात हलवला.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "विचार करतेय. आमची पोरं ट्रकच्या टपावर बसून धडे घेतात. नेट जरा गेलं की शहरातल्या शिक्षिका फोन करून रडतात. तुम्ही रडता का?"

"रडते," मी म्हटलं, "पण आधी नेट शोधते."

तिथल्या तिथे मिळाली हो नोकरी! बाहेर एवढा आरडाओरडा झाला की पलीकडच्या काठावरच्या कुत्र्यांनी साथ दिली. लॉर्नना वाटलं आपण फायनल जिंकलो, तेही आनंदात. त्या मनोऱ्याला मी खरंच हात जोडले. कोण कुठला, ना ओळख ना देख, हवेतून संसार सावरतो!

पहिला वर्ग उन्हाळी, जुलैमध्ये.

जुलै म्हटल्यावर माझा चेहरा पडला. घरात एक दांडी, आणि चार दांड्यांच्या जागी तेव्हा बर्फ वितळून नुसतं पाणी. पण अम्मांना कसली चिंता? "मग काय झालं? होडी आहे की!"

तर आसाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालंय. लॅपटॉपच्या मापाचं कुणाकडे आहे का हो?