खाली ठेवलेला पेला

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुळाचे वडीलधारे माननीय अबू शिब्ली, व्यासपीठावरचे मान्यवर, शाळेतले माझे जुने सहकारी आणि आपल्या करक शहरातल्या बंधूंनो,

निरोपाचा हा जरीचा झगा तुम्ही माझ्या खांद्यावर घातलात, तोंडभर कौतुक केलंत. उभा राहून पाहतो तर समोर सगळे फोन. काहींत मी आहे, काहींत नाही. रागावलो नाही हं! जन्मभर भूगोल शिकवला, खाली घातलेल्या मानांची सवय आहे मला.

चारचौघांत बसून माणसं फोन का बघत असतील? मला विचाराल तर, समोरच्या तोंडाकडे बघितलं की ते काहीतरी मागतं. फोन मागत नाही.

माझ्या मुलाची, मुसअबची आई गेली, तेव्हापासून तो स्वीडनहून रोज म्हणायचा, "बाबा, एकटे राहू नका, इकडे या." मला जायचं नव्हतं. म्हणून एका शुक्रवारी कुळाच्या याच बैठकीच्या दालनात, दिवाणात आलो आणि कॉफी न पिता पेला खाली ठेवला. पाहुण्याचं काही मागणं आहे, हे त्यावरून आपल्यात शेंबडं पोरही ओळखतं. यजमानानं म्हणायचं, "घ्या कॉफी, मागणं मान्य." आणि मागणं तरी काय? कुळानं मुसअबला एवढंच कळवावं, "तुझा बाप आमचा आहे, आम्ही बघू त्याच्याकडे." बस्स.

सगळ्यांच्या माना फोनमध्ये. शेवटी अबू शिब्ली, तुमचं लक्ष गेलं. म्हणालात, "अरे, मास्तरांची कॉफी गार झाली वाटतं! बदला बघू."

बदलली. मी पुन्हा ठेवली. पुन्हा बदलली. मग प्यालो आणि खिशातून फोन काढला. त्यात कुणीतरी गालिचे धूत होतं. बघत बसलो. बरं वाटलं असंही नाही, काही वाटलंच नाही. घरी जाऊन मुसअबला सांगितलं, तिकीट काढ.

आत्ता बोलायला उठताना समोरचा पेला मी तसाच खाली ठेवलाय. विमान उद्या आहे. आणि आज तर मी माइकवरून बोलतोय.

हां, अबू शिब्ली, वर पाहिलंत. कॉफीवाल्याला खूण केलीत. आला दुसरा पेला. छान वाफाळतोय.

आपणा सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं आलं असेल तर म्हातारा म्हणून पोटात घाला. ही कॉफी पितो मी. आणि हा पेला हलवला. आता आणखी ओतू नका.